बुंधेकर अजून आले नाहीत

सकाळी सव्वासहा वाजता थोरलीने शिलाई मशीनवरचे कापड झटकले आणि त्यातून तांबूस भुसा उडाला.

बोटांना लागत होता, पण हवेत गेल्यावर धुक्यासारखा तरंगत राहिला, इतका तो बारीक होता. तिने वर पाहिले. अंगणात, मशीनच्या डोक्यावर, पाइनचे झाड रोजच्यासारखे उभे होते. बुंध्याला जाड, तडकलेली, मातकट साल. वर जावे तशी ती पातळ आणि नारिंगी होत गेलेली. त्याच्याही वर, जिथे पाहताना मान दुखू लागते तिथे, सुयांसारख्या पानांचा एक हिरवा ढग. वारा नव्हता. तरी झाडातून एक आवाज येत होता, कुठेतरी लांब समुद्र असावा असा. तो कायमच येतो.

"वर कुणाचं सुतारकाम चाललंय?" थोरली म्हणाली.

ऐकायला कुणी नव्हते. घरातले दुसरे माणूस म्हणजे तिची धाकटी जाऊ. ती या वेळी वरच्या मजल्यावर असे आणि खालची वाटी सुलटी झाल्याशिवाय जिना उतरत नसे.

वाटीची गोष्ट अशी होती. तीन वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली तेव्हा धाकटीच्या वाट्याला वरचा मजला आला: उजेड, वारा, नवी मोरी. थोरलीने तळमजला मागून घेतला. तिथे ओल होती आणि दुपारीही दिवा लावावा लागे. थोरलीने आपणहून पायावर धोंडा पाडून घेतला, असे नातेवाईक म्हणाले. पण तळमजल्याबरोबर अंगण होते, अंगणात झाड होते, आणि झाडाखाली तिचे दुकान होते. एक मशीन, एक बाकडे, दोरीवर टांगलेले तयार कपडे. पाटी कधी लावावी लागली नाही. गल्लीत कुणी ब्लाउज किंवा पँट शिवायला दिली की 'झाडाखाली टाकलीय' एवढेच सांगत असे.

स्वयंपाकघराची वाटणी मात्र झाली नाही. भिंत कुठून घालायची यावर दोन भावांचे एकमत होईना. दोघे एकाच लांब पल्ल्याच्या ट्रकवर आळीपाळीने चालक होते, घरी येत ते झोपायला. शेवटी बायकांनीच मार्ग काढला. थोरली स्वयंपाकघरात असली की जिन्याच्या खालच्या पायरीवर एक वाटी पालथी घाली. पालथी म्हणजे जागा भरलेली. ती बाहेर पडली की वाटी सुलटी, मग धाकटीने उतरायचे. भांड्याला भांडे लागायचेच, असे म्हणतात. या घरात एका वाटीने बाकीची भांडी तीन वर्षे एकमेकांना लागू दिली नव्हती. बोलणेही फारसे होऊ दिले नव्हते.

त्या सकाळी वाटी सुलटी झाल्यावर धाकटी उतरली, चहा पिऊन अंगणात आली आणि झाडावरच्या खिळ्याला टांगलेले आपले कामाचे जाकीट काढायला हात वर केला. हात तसाच राहिला.

"वहिनी, हा भुसा कधीपासून पडतोय?"

"आजच पाहिला. का गं? चेहरा का उतरला?"

धाकटीने हात खाली घेतला. ती झाडाभोवती फिरली, सालीच्या भेगांतून बोट फिरवत, डोळे बारीक करून. मग मान मागे टाकून बराच वेळ वर पाहत राहिली.

धाकटीचे काम गावाबाहेरच्या पाइनच्या लागवडीत होते. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर लक्ष ठेवणे हे ते काम. लागवडीत ठिकठिकाणी काळे सापळे टांगलेले असत. त्यांत वासाची छोटी पाकिटे असत. तो वास भुंगेऱ्यांचाच, 'इकडे या, जागा चांगली आहे' असे ते एकमेकांना सांगतात तो. ती पाकिटे बदलायची, सापडलेले भुंगेरे बघायचे, आणि ज्या झाडात कीड पुरती शिरली असेल त्याला पिवळा पट्टा मारायचा. पिवळा पट्टा मारलेले झाड तोडावे लागते आणि पुढची पिढी उडायच्या आत त्याची साल सोलून जाळावी लागते. लागवडीच्या आसपासच्या घरांच्या अंगणांनाही हा नियम लागू होता. थोरलीचे अंगण आसपासमध्ये येत होते.

"आमच्या सरांना बोलावते," धाकटी म्हणाली.

"बोलाव. पण मला आधी सांग, माझं झाड जाणार का?"

"अजून काही सांगता येत नाही."

"तुला सांगता येत नसेल तर मग पगार कसला घेतेस?"

धाकटी हसली नाही, म्हणून थोरली घाबरली.

सर दुपारी आले. लागवडीत सगळे त्यांना मागून 'भिंगवाले' म्हणत, कारण त्यांच्या गळ्यात दोरीला भिंग असे आणि जेवतानाही ते काढत नसत. त्यांनी शिडी लावली, वर गेले, आणि बऱ्याच वेळाने दोन वस्तू घेऊन खाली आले. करंगळीएवढी एक डहाळी आणि तळहाताएवढा सालीचा तुकडा. दोन्ही त्यांनी मशीनच्या फळीवर ठेवले, अर्ध्या शिवलेल्या बाहीच्या शेजारी.

"बघा," ते थोरलीला म्हणाले आणि गळ्यातले भिंग न काढता तिच्याकडे वाकले. तिलाही वाकावे लागले.

डहाळीची साल त्यांनी नखाने सोलली. आत लाकडावर एक चांदणी कोरलेली होती. मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी खोली आणि तिच्यातून निघालेल्या पाचसहा वाटा. सालीच्या तुकड्याच्या आतल्या अंगाला वेगळी आकृती होती, बेचकीसारखी, एक फाटा वर आणि दोन खाली. फाट्यांच्या कडेने बारीक आडव्या खाचा, सारख्या अंतरावर.

"हे तर काज आहेत," थोरली म्हणाली. "आणि हा हातशिलाईचा टाका. कुणी केलंय इतकं सफाईदार?"

"दोन वेगळ्या जातींनी. अंडी घालायचे बोगदे आहेत ते." सर खूष झाले. असे ऐकून घेणारे माणूस त्यांना क्वचित मिळे. "आम्ही त्यांना आडनावं दिलीत. ही चांदणी शेंडेकरांची. सगळ्यात लहान जात, शेंड्यात आणि फांद्यांत राहते, तिथली साल कागदासारखी असते. बेचकी मधलेकरांची. ते खोडाच्या वरच्या अर्ध्यात. आणि तिसरे बुंधेकर. तांदळाच्या दाण्याहून मोठे, जाड सालीशिवाय त्यांना चालत नाही. त्यांचा बोगदा एकच, लांब, नागमोडी."

"एका झाडात तिघं? आणि भांडत नाहीत?"

"भांडतात ना. एका सालीखाली दोघं आले तर दोघांचीही पोरं उपाशी मरतात. म्हणून शक्यतो येतच नाहीत. ज्याला जी साल सोसते ती त्याची. शिवाय वासानं कळतं. मधलेकरांचा वास आला की बुंधेकर म्हणतात, इथं भरलंय, पुढं चला. बुंधेकरांचा आला की मधलेकर वर सरकतात."

"भाडेकरूंना कळतं ते माणसांना कळलं असतं तर कोर्टं ओस पडली असती."

"आपल्याला कळलंय की, वहिनी," धाकटी हळूच म्हणाली. "आपली वाटी आहे."

थोरलीने तिच्याकडे पाहिले. "आपण काय झाड पोखरतोय?"

सर बुंध्याजवळ उकिडवे बसले. जाड सालीच्या भेगा त्यांनी हात लावून पाहिल्या, वास घेतला, कान लावला. थोरलीनेही दुसऱ्या बाजूने कान लावला. सालीच्या आत, खूप वर कुठेतरी, नख कंगव्यावरून फिरवावे तसा आवाज होता. कर्र. थांबून परत कर्र. तिने डोळे मिटले. डोळे मिटल्यावर तो आवाज जवळ आला आणि झाड फार मोठे, फार उंच घर झाले, ज्याच्या वरच्या मजल्यांवर रात्रंदिवस कुणीतरी न बोलता शिवत बसले होते.

"खाली अजून कुणी नाही," सर उठत म्हणाले. "ही चांगली बातमी. शेंडा वाळेल, तो आपण कापून टाकू. झाड जगेल. बुंधेकर आले तर मात्र वाचत नाही, ते मुळाकडचा रस्ताच तोडतात. मग पिवळा पट्टा." त्यांनी धाकटीकडे पाहिले. "आणि पट्टा मारणं हिच्याच हद्दीत येतं."

थोरलीने बुंध्यावर तळहात टेकला.

"पण हे मधलेकर लागवड सोडून एवढं दूर आले कसे, हे कळत नाही," सर म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांची नजर खिळ्यावर गेली. त्यांनी जाकिटाजवळ नाक नेले आणि मागे घेतले. "हे तू इथं टांगतेस? रोज?"

धाकटीने होकारार्थी मान हलवली. पाकिटे जाकिटाच्या खिशात असत. महिनोन्महिने वास कापडात मुरला होता. मधलेकरांचा वास, 'इकडे या' म्हणणारा. ती रोज संध्याकाळी तो झाडाच्या गळ्यात अडकवत होती.

खिळा तिने ठोकलेला नव्हता. जाकिटाला टर्पेंटाइन आणि नासलेली फळे यांचा मिळून वास येतो, ते घरात आणायचे नाही, असे वसंताच्या सुरुवातीला थोरलीने सांगितले होते, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खिळा ठोकून दिला होता. चांगला लांब, न वाकणारा.

थोरलीला हे सगळे आठवले ते तिच्या चेहऱ्यावर दिसले. ती फळीवरची बाही उचलून आत गेली. थोड्या वेळाने खालच्या पायरीवर वाटी पालथी पडल्याचा आवाज झाला.

फाटकाशी सर धाकटीला म्हणाले, "जाकीट सोमवारपर्यंत आहे तिथंच राहू दे. मधलेकर यायचे ते येऊन चुकलेत, पण तो वास आहे तोवर बुंधेकर बिचकतील. काट्यानं काटा. सोमवारी 'इथं भरलंय' सांगणाऱ्या वासाची पाकिटं येतील, ती बुंध्याला लावू, मग जाकीट काढ."

"वहिनींना सांगू?"

"सांग ना. त्यात लपवण्यासारखं काय?"

धाकटी सांगायला परत आली तर पायरीवर वाटी पालथी होती. ती जिन्यावर बसली. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज नव्हता, पाण्याचाही नव्हता. वहिनी चिडल्या आहेत, असे तिने ठरवले. आणि चिडलेल्या माणसाच्या दारात नियम मोडून जायचे म्हणजे आगीत तेल. तिने आणखी एक विचार केला, आणि तो त्या वेळी बरोबर वाटण्यासारखा होता: वहिनींना त्या जाकिटाचा वास सहन होत नाही. त्या त्याला हात लावणार नाहीत.

वाटी त्या दिवशी, शुक्रवारी, सुलटी झाली नाही. शनिवारीही नाही. धाकटीने वर गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा केला आणि पाव खाल्ला. थोरली आत होती आणि चिडलेली नव्हती. वाटी सुलटी केली की धाकटी खाली येईल, समोर उभी राहील, आणि खिळ्याबद्दल काहीतरी बोलावे लागेल. काय बोलायचे ते तिला सुचत नव्हते. एवढेच होते.

रविवारी दुपारी ऊन होते. थोरली झाडाखाली पडद्याची किनार शिवायला बसली. पोस्टातली बाई पँटची लांबी कमी करून न्यायला आली आणि दारातूनच ओरडली, "काय हो, झाड आजारी आहे म्हणे?"

"सर्दी झालीय," थोरली म्हणाली. "शेंड्याला."

"मग डोकं झाकून ठेवा त्याचं."

"तुमच्या साहेबांची पँट घालते डोक्यावर. तेवढी लांब आहेच."

बाई हसत गेली. मशीन चालू झाले, मग हळू झाले, मग थांबले. वरून ऊन सुयासुयांतून गळत होते. राळेचा वास इतका दाट होता की तो श्वासाऐवजी पाण्यासारखा प्यावा असे वाटत होते. थोरलीचे डोके हातावर टेकले.

ती सालीखाली चालत होती. भिंती उबदार होत्या आणि त्यांतून मधासारखा उजेड येत होता. वाट एकच होती, लांब, नागमोडी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर छोटी दारे. प्रत्येक दारापुढे एक वाटी पालथी. तिने पहिल्या दाराशी कान लावला. आत कुणी हलत नव्हते. दुसऱ्या दाराशीही तेच. वर, पातळ सालीच्या मजल्यावर, कुणीतरी एकटे चालत होते, जिन्यापर्यंत येत होते आणि परत जात होते. तिला हाक मारायची होती, पण धाकटीला नावाने हाक मारल्याला इतके दिवस झाले होते की तोंडात फक्त भुसा आला.

ती दचकून उठली. गालावर मशीनच्या फळीचा वळ होता. समोर खिळ्यावर जाकीट होते.

थोरलीने ते काढले. नाकाला पदर लावून बादलीत बुडवले, साबण लावला, घासले. पाणी पिवळसर निघाले. तिने ते ओतून दिले, पुन्हा साबण लावला, आणि अस्तर आतून बाहेर काढून खिसे उलटे करून घासले. शिवणकाम करणाऱ्या बाईला कापडात वास कुठे दडतो ते माहीत असते. शेवटी तिने जाकीट वाळत टाकले, खिळा पक्कडीने उपटला, आणि पायरीवरची वाटी सुलटी केली.

संध्याकाळी धाकटी उतरली. स्वयंपाकघरात कुणी नव्हते. ती मागच्या दारातून अंगणात आली आणि दोरीवर वाऱ्याने फुगलेले, स्वच्छ, साबणाचा वास येणारे जाकीट तिने पाहिले.

"वहिनी! हे कुणी धुतलं?"

"परी आली होती लागवडीतून." थोरली बाकड्यावर बसली होती, दोन कप पुढे ठेवून. "मीच धुतलं. आता वास नाही. घरात टांग, वर-खाली कुठंही टांग. चुकलं माझं, मीच तुला ते बाहेर टांगायला लावलं होतं. बस, चहा घे."

धाकटी बसली नाही. मग बसली. सरांनी फाटकाशी सांगितलेले तिने सांगितले. सांगताना ती थोरलीकडे न बघता चहाकडे बघत होती.

थोरलीने दोरीवरच्या जाकिटाकडे पाहिले.

"म्हणजे तो वास राखण करत होता," थोरली म्हणाली.

"हो."

"आणि मी राखणदाराला साबण लावून पळवलं."

"तुम्ही नाही. मी सांगायला पाहिजे होतं. खाली येऊन तोंड उघडलं असतं तर झालं असतं."

"कशी येणार होतीस? मी वाटी पालथी घालून बसले होते."

"वाटी ओलांडली असती तर काय वाटीनं चावलं असतं?"

"खिळा मी ठोकला."

"जाकीट माझं."

"जाकीट तुझं असेल, झाड माझं आहे," थोरली चिडून म्हणाली. "माझ्या झाडाच्या बाबतीत चूक कुणाची ते मी ठरवणार. चूक माझी."

"सगळंच तुम्हाला पाहिजे, वहिनी. तळमजला तुम्हाला, झाड तुम्हाला, आता चूकही तुम्हालाच."

थोरलीला हसू आले. ते आवरताना तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते तिने पदराने न पुसता तसेच राहू दिले. "नाव काय ठेवलंय गं त्या मोठ्याचं?"

"बुंधेकर."

"आले तर तूच पट्टा मारशील?"

धाकटीने कप खाली ठेवला. "मीच मारीन. दुसरं कुणी आलं तर नुसता रंग फासून जाईल. मी सांगून मारीन."

थोरलीने मान हलवली. दोघी अंधार पडेपर्यंत तिथेच बसल्या. मग धाकटीने जाकीट बुंध्याला गुंडाळून पाहिले. त्याला साबणाचाच वास येत होता.

सोमवारी सरांनी पाकिटे आणली आणि चारी बाजूंनी बुंध्याला लावली. त्यांतून येणारा वास माणसाला जवळजवळ कळत नव्हता. थोरलीला तो ओल्या माचिसचा वाटला, धाकटीला कशाचाच नाही. नवा भुसा पडला तर दिसावा म्हणून त्यांनी बुंध्याभोवती जुनी पांढरी चादर अंथरली. त्या वेळी भेगांत काही नव्हते.

मंगळवारी ऊन कडक होते. दुपारनंतर लागवडीतल्या सापळ्यांत या हंगामातले पहिले बुंधेकर सापडले.

बुधवारी सकाळी दोघी एकदमच अंगणात आल्या. पायरीवर वाटी नव्हती. ती कपाटात होती, की कुणी भांड्यांत घासून ठेवली होती, हे कुणी विचारले नाही. जाड सालीवर, गुडघ्याच्या उंचीवर, राळेचा एक गोळा आला होता. हरभऱ्याएवढा, फिकट, मेणासारखा. मध्ये छिद्र होते.

सर आले, भिंगातून बघत राहिले. झाडाने राळ सोडून किड्याला बाहेर ढकलले असेल, तर गोळ्यात तो बुडालेला सापडेल. गोळ्यात नसेल, तर तो आत गेला आहे आणि आतून इतरांना बोलावू शकतो. गोळा फोडून बघावे तर साल उघडी पडते आणि ताज्या राळेचा वास सुटतो, आणि तो वास आणखी बुंधेकरांना ओढतो. सर म्हणाले की त्यांनी तो फोडला नसता. धाकटी म्हणाली की तीही फोडणार नाही. थोरलीने मशीन आत न नेता झाडाच्या दुसऱ्या बाजूला सरकवले आणि पडद्याची उरलेली किनार पूर्ण केली.

पिवळ्या रंगाचा डबा धाकटीच्या सायकलला टांगलेला आहे. झाकण बंद आहे.

आज सकाळी राळेचा गोळा तेवढाच होता, दुसरा आलेला नव्हता. चादरीवर चिमूटभर तांबूस भुसा होता. तो वरून पडलेला की खालचा, हे अजून ठरलेले नाही.